भुयार थेट वसईला निघतं

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात ज्याचं बालपण गेलं, त्याला इतिहासाच्या पुस्तकाआधी एक गोष्ट पाठ होते. प्रत्येक जुन्या बांधकामाखाली भुयार असतं आणि ते वसईला निघतं. ठाण्याच्या जेलखालचं भुयार वसईला निघतं. घोडबंदरच्या किल्ल्यातलंही वसईलाच. कल्याणच्या दुर्गाडीवरून निघालेलं भुयार मलंगगडाला जातं खरं, पण ऐकणाऱ्याचा चेहरा जरा पडला तर सांगणारा तेही उदार मनाने वसईपर्यंत वाढवून देतो. या सगळ्या भुयारांची तोंडं खरोखरच वसईच्या किल्ल्यात उघडत असती, तर तिथे लग्नाआधीचे फोटो काढायला येणाऱ्या जोडप्यांना पाय ठेवायला जागा उरली नसती.

भुयाराच्या गोष्टीचे काही नियम आहेत. सांगणारा स्वतः भुयारात कधीच उतरलेला नसतो. उतरलेले असतात ते त्याचे आजोबा, किंवा चाळीतले एक काका, जे आता हयात नाहीत. भुयार 'आत्ता आत्तापर्यंत' उघडं होतं आणि मग इंग्रजांनी बुजवलं. का बुजवलं, हे विचारायचं नाही. आणि शेवटी बकरी. एकदा कुणीतरी भुयारात बकरी सोडली आणि ती चार दिवसांनी वसईला निघाली.

"ती हीच बकरी, हे कसं ओळखलं?" असं मी एकदा तलावपाळीच्या कट्ट्यावर नानांना विचारलं. नाना जन्माने ठाणेकर, वयाने पंचाहत्तरीच्या पुढे आणि भुयारांच्या बाबतीत अंतिम अधिकारी.

"गळ्यात घंटा होती ना!" नाना म्हणाले.

"आणि मधे वसईची खाडी लागते, ती?"

"खालून गेली."

यावर काय बोलणार? ठाण्याहून बोरिवलीला जाणारा जुळा बोगदा हल्ली राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून खोदताहेत. लांबी जवळपास १२ किलोमीटर, खर्च हजारो कोटी, यंत्रं अजस्र. त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर एक बकरी खाडीखालून, अंधारात, चाऱ्याशिवाय कापून गेली, आणि नानांना त्यात शंका घेण्यासारखं काही दिसत नाही. उलट आमच्याकडे खरोखरीचा एक जुना बोगदा आहे, पारसिकचा. १९१६ साली वाहतुकीला खुला झाला, लांबी १.३ किलोमीटर. एके काळी फार मोठा गणला जायचा. पण तो वसईला न जाता दिव्याकडे निघतो, आणि त्यातून बकरीऐवजी २०२२ पर्यंत फास्ट लोकल जायची, म्हणून त्याची गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही.

माझी तक्रार अशी की आमच्याकडच्या खोट्या गोष्टी फार समंजस आहेत. त्यांना सुरुवात असते, शेवट असतो, घंटासुद्धा असते. वेडगळ, तर्काला न जुमानणाऱ्या, ऐकणाऱ्याला अपमान वाटावा अशा गोष्टी म्हणजे खऱ्या गोष्टी. साहजिकच लोक खोट्यांवर विश्वास ठेवतात आणि खरी सांगितली की म्हणतात, "काहीतरीच काय!"

ठाण्याच्या जेलचंच घ्या. हे जेल मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला काढला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी. आणि या किल्ल्यातून एक माणूस खरोखरच पळाला होता. साधासुधा नव्हे, दुसऱ्या बाजीरावाचा उजवा हात, त्रिंबकजी डेंगळे.

झालं असं होतं. १८१५ च्या जुलैत पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. शास्त्री हे बडोद्याच्या गायकवाडांचे वकील, इंग्रजांनी जिवाची हमी घेतली म्हणून पेशव्याकडे आलेले. संशय त्रिंबकजीवर आला. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने बाजीरावाचा असा काही पिच्छा पुरवला की त्याने रडतखडत आपला लाडका कारभारी इंग्रजांच्या हवाली केला. त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. आता एल्फिन्स्टन साहेब हुशार. देशी शिपाई पहाऱ्यावर ठेवले तर पुण्याहून पैसे येतील, ओळखी निघतील, कुणाच्या तरी मावसभावाचा मेव्हणा निघेल. म्हणून पहारा झाडून गोऱ्या शिपायांचा. एकालाही मराठीचा गंध नाही, म्हणजे फितुरीचा प्रश्नच नाही. योजना कागदावर बिनतोड होती.

त्या किल्ल्यात एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार कामाला लागला. हा रोज साहेबाचा घोडा फिरवायला काढायचा, आणि फिरवताना नेमका त्रिंबकजीच्या खिडकीखालून जायचा. घोडा फिरवता फिरवता गाणं म्हणायचा. मोठ्याने, मोकळ्या गळ्याने. पहाऱ्यावरचा गोरा शिपाई ते ऐकत उभा. त्याला वाटलं असेल, काम करताना हे लोक गातातच. फार तर सुराबद्दल त्याचं काही मत झालं असेल. त्या गाण्यात दिवस, वेळ, वाट, घोडे कुठे बांधलेत, सगळा तपशील होता. झाडीत पंचावन्न घोडे तयार आहेत, स्वार मात्र चौपन्नच, असा त्याचा आशय. पंचावन्नावा कोण, हे खिडकीतल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नव्हती. म्हणजे कैद्याला पळवून नेण्याचा संपूर्ण कट पहारेकऱ्याच्या कानात ओरडून सांगितला जात होता, आणि पहारेकरी बहुधा पायाने ठेका धरून उभा होता. मराठी न येण्याची एवढी जबर किंमत ठाण्यात त्यानंतर कुणी मोजलेली नाही.

१२ सप्टेंबर १८१६. काळोखी, पावसाची रात्र. सांगतात की त्रिंबकजी शौचाला म्हणून गेला. पहारेकरी सभ्यपणे बाहेर थांबला. आतल्या भिंतीला आधीच भोक पाडून ठेवलेलं, ते पलीकडच्या तबेल्यात निघत होतं. आत गेलेला माणूस बराच वेळ बाहेर येईना, तेव्हा शिपायाला शंका आली असेल. पण चाळीत राहिलेल्या कुणालाही विचारा, अशा वेळी दार नेमकं केव्हा वाजवायचं हा फार नाजूक प्रश्न असतो. वाजवलं तेव्हा आत कुणी नव्हतं.

मी ही गोष्ट नानांना रंगवून सांगितली. पुढचंही सांगितलं. त्रिंबकजी हाती लागेना म्हणून एल्फिन्स्टनने बाजीरावाला वेठीस धरलं, सिंहगड, पुरंदर आणि रायगड ओलीस ठेवायला लावले, जून १८१७ मध्ये पुण्याचा जाचक तह लादला, नोव्हेंबरात खडकीला लढाई झाली आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्याच साली त्रिंबकजी पुन्हा पकडला गेला आणि त्याची रवानगी काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात झाली. म्हणजे एका मोतद्दाराच्या गाण्याचा धागा कुठवर जातो बघा.

नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "याला पुरावा काय?"

बकरीच्या गळ्यातल्या घंटेवर संतुष्ट असलेला माणूस मला पुरावा विचारत होता! मी म्हटलं, "नाना, बिशप हेबर म्हणून होते. कलकत्त्याचे. १८२४ मध्ये ते चुनारला गेले, तिथे त्यांनी कैदेतला त्रिंबकजी पाहिला. आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. ते गाणंसुद्धा दिलंय, इंग्रजी कवितेत. पुढच्याच साली ते आपल्या ठाण्यालाही येऊन गेले."

"बिशपने पोवाडा लिहिला?"

"पोवाडा नाही. पण जवळजवळ."

"मूळ मराठी कुठाय?"

इथे मी अडलो. खरंच, त्या मोतद्दाराचे मराठी शब्द कुणाला सुचले नाहीत उतरून ठेवायला. आज आपल्या हाती आहे ते चर्चमधली भजनं रचणाऱ्या एका इंग्रज धर्मगुरूने केलेलं यमकबद्ध रूप, आणि त्यात आपले डेंगळे कुठल्याशा विलायती सरदारासारखे जंगलातून घोडा फेकताना दिसतात. नाना विजयी मुद्रेने उठले. जाता जाता म्हणाले, "आणि भिंतीला भोक कसलं? भुयारातून गेला असेल. सरळ गोष्ट आहे."

नानांचं तरी काय चुकलं म्हणा. भुयार हे इतिहासाला शोभून दिसतं. एवढा मोठा कारभारी, एवढं मोठं राज्य बुडायचं, आणि त्याचा रस्ता शौचकूपातून? गोष्टीची काही अब्रू असते की नाही?

याहून जुनी एक गोष्ट आहे. तिच्यातला एक भाग ठाणेकरांना ताबडतोब पटतो आणि बाकीचा अजिबात पटत नाही. १३२१ साली चार ख्रिस्ती साधू ठाण्यात मारले गेले. इटलीतला तोलेंतिनोचा थॉमस, त्याचे दोन इटालियन साथी आणि तिफ्लिसचा दिमित्री. चीनकडे निघाले होते, वाऱ्याने ठाण्याला आणलं. धर्माच्या वादातून काझीपुढे प्रकरण गेलं आणि चौघांचा बळी गेला. ती काही हसण्याची बाब नाही. गंमत त्यानंतरची. थोड्याच वर्षांत ओडोरिक नावाचा त्यांच्याच पंथाचा साधू ठाण्याला आला, त्याने त्या चौघांच्या अस्थी गोळा केल्या, स्वच्छ फडक्यात बांधल्या आणि त्या घेऊन तो चीनला निघाला. तेराव्याला गावजेवण घालून मोकळे होणाऱ्यांपैकी तो नव्हता.

वाटेत एका घरात तो ते गाठोडं उशाला घेऊन झोपला. घराला आग लावली गेली. ओडोरिक म्हणतो, तो अस्थी घेऊन एका कोपऱ्यात उभा राहिला, आणि तो बाहेर पडेपर्यंत तेवढा कोपरा जळला नाही. मग जहाज. जहाजावर वारा पडला. हिंदू प्रवाशांनी आपल्या देवांना साकडं घातलं, वारा नाही. मुसलमान प्रवाशांनी दुआ मागितली, वारा नाही. मग ओडोरिकने एक हाड नोकराच्या हातून गुपचूप समुद्रात टाकलं आणि शिडं फुगली. गुपचूप अशासाठी, की त्या काळच्या जहाजांवर प्रेताची हाडं नेणं हा गुन्हा होता. तपासणी व्हायची आणि कुणाकडे हाडं सापडली तर त्याला समुद्रात फेकून द्यायचे. ओडोरिकच्या सामानाचीही वेळ आली, पण एवढं मोठं गाठोडं तपासणाऱ्यांना दिसलंच नाही. सर्वांत मोठा चमत्कार तो हाच, असं आपलं माझं मत. घरून निघताना आईने दिलेली लोणच्याची बरणी ज्यांची विमानतळावर काढून घेतली गेली आहे, ते माझ्याशी सहमत होतील.

अस्थी शेवटी चीनच्या किनाऱ्यावर झायतूनला पोचल्या. ठाण्याहून निघालेलं सामान गहाळ न होता चीनला पोचलं. या भागावर नानांचा विश्वास बसला नाही. पण याच ओडोरिकने ठाण्याबद्दल आणखी काही निरीक्षणं नोंदवली आहेत. इथल्या झाडांतून दारू निघते आणि ती भलतीच चढते. म्हणजे ताडी. इथली वटवाघळं कबुतराएवढी असतात. आणि इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात, इतके की मांजरांचा त्यांच्यापुढे काही इलाज चालत नाही, ते पकडायला कुत्रीच लागतात.

युरोपातल्या विद्वानांनी हे वाचून शतकानुशतकं डोकं खाजवलं असेल. प्रवासी लोक थापा मारतातच, असं म्हणून पान उलटलं असेल. ठाणेकराला मात्र हे वाक्य ऐकवा आणि त्याचा चेहरा पाहा. "घुशी!" नाना टाळी देत म्हणाले. "आमच्या सोसायटीच्या गटारापाशी यावं म्हणावं त्याला. मांजर येतं, बघतं आणि निघून जातं." सात शतकांपूर्वीच्या एका परदेशी पाहुण्याने ठाण्याच्या नागरी सोयींवर लिहिलेलं हे वाक्य. त्यात आजही दुरुस्ती सुचवावी असं काही घडलेलं नाही.

ठाण्याच्या नशिबी बाहेरच्यांकडून कौतुक तसं कमीच. १९०१ मध्ये इथे मनोरुग्णालय निघालं आणि तेव्हापासून महाराष्ट्रात कुठेही जा, "आम्ही ठाण्याचे" म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि विचारतो, "कधी सोडलं?" पुणेकरांच्या गावातही येरवड्याला तसंच रुग्णालय आहे, पण त्यांना हा प्रश्न विचारायची कुणाची छाती होत नाही. उत्तर ऐकत बसावं लागेल म्हणून.

पहिल्या रेल्वेचं श्रेय तरी ठाण्याचं आहे, असं वाटतं. १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून दुपारी साडेतीनच्या सुमारास २१ तोफांच्या सलामीत गाडी निघाली, ३ इंजिनं, १४ डबे, ४०० पाहुणे. साधारण तासाभरात ठाण्याला पोचली. आज सीएसएमटीहून ठाण्याची स्लो लोकलही साधारण तेवढाच वेळ घेते, यावरून त्या पहिल्या ड्रायव्हरचं कौतुक करावं की आजच्या वेळापत्रकाचं, हे ठरवता येत नाही. या गाडीबद्दल सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी म्हणजे तिच्यात भूत कोंडलं होतं, पुलाच्या पायात माणसं पुरली होती, लोकांनी इंजिनाला नारळ फोडले. त्या सगळ्यांना पटतात. खरी चमत्कारिक गोष्ट वेगळीच. देशातली पहिली प्रवासी गाडी सुटायची, आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड आदल्या संध्याकाळीच थंड हवेच्या ठिकाणी निघून गेले. सोबत सरसेनापती आणि बिशपही. एप्रिलच्या उकाड्यात ठाण्याला जाण्यापेक्षा इतिहासात नाव न येणं त्यांनी पसंत केलं. दुसऱ्या दिवशी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी सबंध गाडीच राखून ठेवली आणि कुटुंबासह ठाण्याला जाऊन परत आले. ठाण्याच्या गाडीत आपली माणसं सोडून दुसरं कुणीच नाही! हे ऐकून रोज संध्याकाळी दादरला चढणारा माणूस हातातली पिशवी खाली ठेवतो आणि म्हणतो, "ही मात्र थाप आहे."

कल्याणच्या माणसाला मात्र रेल्वेचं काय कौतुक? गाडी कल्याणला पोचली १ मे १८५४ रोजी, म्हणजे ठाण्यानंतर वर्षभराने. पण कल्याणकर तुम्हाला शांतपणे आठवण करून देतो की ग्रीक लोक त्याच्याकडे यायचे तेव्हा ठाण्याचं नाव कुणाच्या कानावर नव्हतं. त्यात तथ्य आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात, ज्याला पेरिप्लस म्हणतात, कल्याण बंदराचा उल्लेख आहे. पूर्वी ही रीतसर बाजारपेठ होती, पण नव्या सत्ताधाऱ्याच्या काळात बंदराची नाकेबंदी झाली, आणि आता एखादं ग्रीक जहाज चुकून कल्याणला लागलंच तर ते पहाऱ्यात भडोचला नेलं जातं.

हे वाक्य वाचल्यावर मला कल्याणबद्दल एकदम आत्मीयता वाटू लागली. स्टेशनबाहेर दोन मिनिटांसाठी स्कूटर लावून औषधाच्या दुकानात गेलेला आणि बाहेर आल्यावर रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिलेला प्रत्येक माणूस त्या ग्रीक कप्तानाचा वारस आहे. "इथे गलबत होतं हो माझं." "नेलं भडोचला. नो पार्किंगला होतं." आमची गाडी निदान गावातल्या गावात तरी सापडते. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या व्यापारी भांडणात त्या बिचाऱ्याला थेट गुजरात गाठावं लागत होतं. दंडाची पावती मिळत होती की नाही, याची नोंद नाही.

आणि ठाण्याचे लोक हसत असतील तर त्यांनी मार्को पोलो वाचावा. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्याने ठाण्याच्या राज्याचं वर्णन केलं. कातडं चांगलं, कापूस चांगला, धूप काळपट. मग तो सांगतो की इथल्या समुद्रात चाचे फार, आणि त्यांचा इथल्या राजाशी करार आहे. लुटीत घोडे सापडले तर ते राजाचे, बाकी सोनंनाणं, माल, काय असेल ते चाच्यांचं. राजाला घोड्यांची चणचण होती, चाच्यांना राजाश्रयाची. दोघांचीही सोय झाली. मार्को पोलोला हे राजाला न शोभणारं वाटलं आणि त्याने तसं लिहिलंही. एवढी जगभर भटकंती करूनही माणूस मनाने निष्पापच राहिला होता. ही गोष्ट मी सांगितली तेव्हा नानांनी पुरावा मागितला नाही. उलट, "मग यात नवल ते काय?" म्हणाले आणि घोडबंदर रोडवरच्या वाहतुकीबद्दल बोलू लागले.

कल्याणची आणखी एक गोष्ट मला प्रिय आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीत आरमाराची गलबतं बांधायला काढली. जहाजबांधणीचे जाणकार हवेत, म्हणून पोर्तुगीज कारागीर कामाला ठेवले. त्यांचा म्होरक्या रुय लैतांव व्हियेगश. बायकामुलं धरून तीनशेच्या वर माणसं. वसईच्या पोर्तुगीजांच्या पोटात गोळा आला. उद्या हीच गलबतं आपल्यावर चालून येतील. त्यांनी आतून सूत्रं हलवली आणि १६५९ मध्ये एके दिवशी हा सगळा तांडा काम टाकून पसार झाला. राजीनामा नाही, निरोप नाही. गलबतं अर्धी. पण तोवर इथल्या सुतारांनी आणि भंडारी, कोळी खलाशांनी जे बघायचं ते बघून घेतलं होतं. आरमार झालंच. तीनशे माणसांचा हा तांडा कल्याणहून वसईकडे गेला आणि त्यासाठी त्यांना एकाही भुयाराची गरज लागली नाही, ही गोष्ट मी नानांच्या नजरेस आणून दिली. त्यांनी विषय बदलला.

काही गोष्टी तर योगायोगाने इतक्या ताणल्या आहेत की कादंबरीत लिहिल्या तर संपादक परत पाठवेल. कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेली यमुना जोशी. लग्नानंतर आनंदी. नवरा गोपाळराव, तऱ्हेवाईकपणात कुणाला हार न जाणारा. त्याने बायकोला शिकवायचं म्हणून अमेरिकेतल्या मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. त्यांनी ख्रिस्ती व्हा म्हणून सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. प्रकरण तिथेच संपायचं. पण १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. नंबर यायला वेळ होता. टेबलावर जुनी मासिकं पडलेली. त्यांनी एक उचललं, पत्र वाचलं, आणि कल्याणच्या त्या अनोळखी मुलीला लिहायला बसल्या. त्यातून आनंदीबाई अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. वर्षभरात त्या गेल्या, बावीस पुरी व्हायच्या आतच, आणि त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पोचली. ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. कल्याणच्या मुलीची समाधी पोकीप्सीला. दंतवैद्याच्या प्रतीक्षाकक्षात पडून असलेल्या मासिकांबद्दल मी तेव्हापासून वाईट बोलत नाही.

आता राहिली डोंबिवली. मी तिथलाच, त्यामुळे ठाणे-कल्याणवाल्यांचं टोचणं रोजचं. "तुमच्याकडे काय? ना किल्ला, ना भुयार." मान्य. पण भुयार नसल्याने डोंबिवलीकराचं अडत नाही, कारण इतिहास जुना असावाच लागतो अशी त्याची समजूत नाही. गुढीपाडव्याची शोभायात्रा बघा. नऊवारी नेसून बुलेटवर निघालेल्या बायका, लेझीम, ढोल, रांगोळ्या. एकदा फडके रोडवर एक तरुण आपल्या परगावच्या पाहुण्याला छाती फुगवून सांगत होता, "आमच्या आजोबांच्या काळापासून चालत आलंय हे." यात्रा सुरू झाली १९९९ मध्ये. गणेश मंदिर संस्थानाने ती काढली आणि मग ठाणे, गिरगाव करत सगळीकडे पसरली. मंदिर संस्थान १९२४ चं आहे, ते ठीक. पण यात्रेत ढोल वाजवणाऱ्या कित्येकांपेक्षा यात्रा वयाने जेमतेम थोरली. तरीही ती 'पूर्वापार' झाली आहे. इतक्या कमी वेळात पूर्वापार होण्याचा मान डोंबिवलीलाच.

आणि चमत्कार म्हणाल तर तेही आम्ही जुन्या पोथ्यांतून काढत नाही. २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. मुळात जानेवारीत पाऊस, आणि तोही हिरवा. २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि तो बघायला मुख्यमंत्री येऊन गेले. कारखान्यांतली रंगद्रव्यं, हवेतली भुकटी, रस्त्यावरचं सांडपाणी, अशी त्याची कारणं, आणि कारणं ऐकून हसू येण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण आणखी पाचशे वर्षांनी एखाद्याने ओडोरिकच्या शेजारी हे नोंदवून ठेवलं, की या गावी आकाशातून हिरवं पाणी पडतं आणि रस्ते गुलाबाच्या रंगाचे असतात, तर वाचणारा खात्रीने म्हणेल, प्रवासी लोक थापा मारतात. सिनेमावाल्यांनी तर डोंबिवलीत झाँबी सोडून पाहिले, 'झोंबिवली' नावाने. गावात कुणी दचकल्याचं ऐकिवात नाही.

हिरव्या पावसाचं मी नानांना फोन करून सांगितलं. फोटोही पाठवले. "मोबाईलवर हल्ली काय वाट्टेल ते करता येतं," नाना म्हणाले आणि त्यांनी मला उलट एक व्हिडिओ पाठवला, दुर्गाडीच्या भुयाराचा. तो बहुधा राजस्थानातला होता.

आमच्या इमारतीत मात्र पावसाच्या खरेपणाबद्दल वाद नव्हता. सगळे गच्चीवर जमले होते. कुणी म्हणत होतं रसायन आहे, कुणी म्हणत होतं शेवाळ, एका आजोबांनी कलियुगाचा विषय काढलाच. खालच्या मजल्यावरच्या काकू तेवढ्या दोरीवरचा पांढरा शर्ट हातात धरून, त्यावरचे हिरवे ठिपके उजेडात न्याहाळत होत्या. वाद रंगात आला असताना त्यांनी मधेच विचारलं, "हे निळीत घातलं तर जाईल का हो?" कुणाला काही सुचेना. समोरचा वाणी खालून ऐकत होता. त्याने तिथूनच सांगितलं, "जाईल की काकू, न जायला काय झालं?" आणि एक नव्हे, चार पुड्या वर पाठवल्या.